जिवलीचा भारा

आटगाव स्टेशनातून उतरून डोंगराच्या अंगाला चालत गेलं की एक वाडी लागते. त्या वाडीत एक रीत होती. ती कुणी कुणाला शिकवत नसे. घराबाहेर गेलेलं माणूस रिकाम्या हाताने परत येत नसे, एवढीच. पाण्याला गेलेली बाई काखेत चार काटक्या मारून यायची. लग्नाचं जेवून परतणारा म्हातारा वाटेतलं शेण पानावर उचलून आणायचा. शहापूरच्या बाजारात मनासारखं काही मिळालं नाही, तरी येताना सागाची पानं यायचीच.

या रीतीची राखणदार होती धोंडीबाई. दारात कुणी मोकळ्या हाताने उभं राहिलं की ती विचारायची, "काय रे, हात गहाण टाकून आलास काय?"

तिचा मुलगा लडकू कसाऱ्याच्या इंजिनशेडमध्ये फिटर होता. घाट चढणारी इंजिनं त्याच्या हाताखालून जायची. आफ्रिकेत मोंबासा नावाचं बंदर आहे, तिथल्या रेल्वेला अशी माणसं हवी होती. एका गोव्याच्या मिस्त्रीबरोबर लडकू तिकडे गेला. छत्तीस सालच्या दिवाळीत तो सुटीवर आला तेव्हा त्याच्या अंगात कोट होता आणि मनात एकच गोष्ट होती. या खेपेला बायकोला न्यायचं.

बायको म्हणजे जिवली. माहेर मुरबाडकडचं. बुटकी, काटक, आणि तोंड उघडलं की समोरच्याला पाणी मागू न देणारी. ती सूप बाजूला ठेवून म्हणाली,

"येईन. पण नाय करमलं तर?"

"करमेल."

"तुमी सांगून मला करमनार हाय का? नाय करमलं तर आखातीनंतरच्या बोटीत बसवायचं. शब्द द्या."

आखाती म्हणजे अक्षय्यतृतीया. तोवर सहा-एक महिने होते. लडकूने शब्द दिला. आईच्या देखत दिला, म्हणजे मोडायची सोय राहिली नाही.

निघायच्या दिवशी धोंडीबाईने जुन्या लुगड्याच्या धडप्यात घरच्या भाताचं बी बांधलं आणि सुनेच्या हातात दिलं. "नव्या घरात रिकाम्या हातानं पाऊल टाकू नको."

"आये, तिकडं तांदूळ मिळतो," लडकू म्हणाला.

"मिळत असंल. ह्यो आपला हाय."

बोटीत जिवलीने फार हाल काढले. समुद्र तिला मानवला नाही. मोंबासा आलं, तेव्हा ती कठड्याला धरून उभी राहिली. किनाऱ्यावर माड होते. माडांमागे आंबे होते. कौलारू घरं होती. तिने बराच वेळ पाहिलं आणि नवऱ्याकडे वळली.

"एवढं वकून वकून आलो ते कुठं? वसईला?"

लडकू हसला. त्याला तो शुभशकुन वाटला.

पण पुढे तसं काही दिसेना. रेल्वेने दिलेलं क्वार्टर चांगलं होतं. एक खोली, एक पडवी, मागे नळ, नळामागे मोकळी जागा. पण नळ सोडला की पाणी येई. दुकानात पीठ मिळे. जळाऊ लाकडांचा गाडीवाला दारात येई. सूर्य हातभर वर यायच्या आत जिवलीचं काम संपायचं. मग ती उंबऱ्यावर बसायची आणि समोरच्या भिंतीकडे बघायची.

"तुमच्या मोंबासात दिवस लय मोठा," ती एकदा म्हणाली.

"घरच्याएवढाच आहे."

"नाय. घरी दिवसाला काम असतं. इथं त्याला काय कामच नाय, म्हणून सरकत नाय."

लडकूने ठरवलं, हिला फिरायला न्यायचं. मोंबासातली आपली माणसं रविवारी संध्याकाळी समुद्रावरच्या दीपगृहाकडे जात. गुजराती, पंजाबी, गोवेकर, सगळे. तिथे रस्ता पाण्याला अगदी लगटून जातो. बंदरात शिरणारी नि बाहेर पडणारी प्रत्येक बोट समोरून जाते. पोट सुटलेल्या बुंध्यांची अवाढव्य झाडं आहेत. लोक चांगले कपडे घालून येत, इकडून तिकडे चालत, एकमेकांना नमस्कार करत आणि घरी जात.

मराठी मंडळी मोजकीच. त्यांचा पुढारी कमळाकर. तो रेल्वेच्या ऑफिसात कारकून होता. घर कल्याणला, असं सांगायचा. त्याची बायको गीताबाई गोल साडी नेसायची, पायात चपला घालायची आणि ऊन असो नसो, छत्री घेऊन फिरायची. गीताबाई एखाद्या बाईला "बरं का" म्हणाली, की त्या बाईचं मोंबासात बस्तान बसलं, असं समजत. लडकूला जिवलीसाठी ते "बरं का" हवं होतं.

पहिल्या रविवारी त्याने कोट चढवला. जिवली ठेवणीतलं लुगडं नेसली आणि तिने विचारलं,

"कुठं जायाचं?"

"फिरायला."

"काय आणायला?"

"आणायला काही नाही. फिरायला."

"म्हंजे जायाचं."

"हो."

"आन मग?"

"मग परत यायचं."

जिवलीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

दीपगृहाजवळ सगळं नीट पार पडलं. कमळाकराने हवापाण्याची चौकशी केली. गीताबाईने जिवलीला आपल्या शेजारून चालवलं. भाजलेला मोगो खाल्ला. मोगो म्हणजे तिकडचा कंद. तो निखाऱ्यावर भाजतात आणि वर तिखट-लिंबू लावतात. विकणारी बाई काळीभोर, उंच, खांद्यावरून पायांपर्यंत रंगीत कापड गुंडाळलेली. नाव झुहुरा. जिवलीने दुसरा तुकडा मागून घेतला. लडकूला वाटलं, जमलं.

परत निघायची वेळ झाली तेव्हा जिवली दिसेना. मग दिसली. माडाखालच्या सुकलेल्या झावळ्या आणि वाऱ्याने पडलेल्या फांद्या तिने गोळा केल्या होत्या. वेलीच्या दोराने मोळी बांधली होती. पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली होती आणि ती इकडेतिकडे बघत होती. कारण भारा बांधता एकटीला येतो, पण डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं.

रस्त्यावरचे सगळे थांबून पाहत होते. गीताबाईने छत्री थोडी तिरकी केली आणि समुद्राकडे तोंड वळवलं. लडकूने आपले हात कोटाच्या खिशात आहेत हे पाहिलं आणि ते तिथेच ठेवले.

झुहुराने निखाऱ्यावरचा मोगो तसाच सोडला. ती आली. मोळीच्या एका टोकाला हात घातला. "हं," जिवली म्हणाली. "हं," झुहुरा म्हणाली. मोळी डोक्यावर बसली.

घरी येईपर्यंत लडकू चार पावलं पुढे चालत राहिला. दारात वळून म्हणाला, "अगं, लाकडं विकत मिळतात ना!"

"म्हाईत हाय. पन रिकामी कशी येऊ? आये काय म्हनंल?"

"आई हजार कोसांवर आहे!"

"म्हनून काय झालं?" जिवली म्हणाली आणि मोळी मागच्या जागेत टाकायला गेली.

पुढे दर रविवारी हेच. लडकूने जागा बदलून पाहिल्या. बागेत बँड वाजायचा तिथे नेलं. बँड संपला तेव्हा जिवली बागेच्या माळ्याशी खाणाखुणांनी बोलून कापलेल्या कुंपणाचा पाला मागून घेत होती. सिनेमाला नेलं. पडद्यावर राजा रडत होता. जिवलीने लडकूला कोपराने ढोसलं. "एवढा मोठा राजा, आन दिवसभर काय करतो? गातो. गुरं कोन बघतं ह्याची?" निघताना तिच्या ओटीत नारळाच्या शेंड्या होत्या. त्या कुठून आल्या, हे त्याने विचारलं नाही. गीताबाईकडच्या हळदीकुंकवाला पाठवलं, तर गोठेवाल्या पंजाब्याच्या दारावरून येताना तिने पाटीभर शेण आणलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी गीताबाई लडकूला एवढंच म्हणाली, "तुमच्या बायकोची तब्येत चांगली आहे." तिने "बरं का" म्हटलं नाही.

मागच्या जागेतला ढीग वाढत होता. फांद्या, पाला, झावळ्या, सुकलेलं शेण. लडकूला तो नुसता ढीग वाटला. शेडातली बारा गावची माणसं थट्टा करायची. "लडकू, बायको लंका जाळणार आहे काय?" तो हसून घ्यायचा. पण रात्री तो आखातीचा विचार करायचा. ती चिडली असती, रडली असती, तर त्याने समजूत घातली असती. जिवली चिडत नव्हती. ती फक्त वाट बघत असल्यासारखी दिसायची. कशाची, ते त्याला विचारवेना. कारण उत्तर "बोटीची" असं आलं असतं.

होळी झाली. त्यानंतरच्या रविवारी लडकूला दुपारची पाळी होती. तो इंजिनाखाली उताणा पडलेला असताना शेडातली घंटा वाजायला लागली. आगीची घंटा. बाहेर येऊन पाहतो तो क्वार्टरांवर धुराचा डोंगर उभा. पिवळट, जाड, आपल्याच ओळखीचा धूर.  त्याला धुराचं नाव माहीत होतं.

जिवलीने राब भाजला होता.

आपल्याकडे शहापूर-मुरबाडात हे कुणाला सांगावं लागत नाही. भाताचं रोप जिथे करायचं, त्या तुकड्यावर शेण पसरायचं. त्यावर फांद्या नि पाला, त्यावर गवत, त्यावर बारीक माती. मग पेटवून द्यायचं. जमीन भाजते, तण मरतं, आणि पावसाच्या तोंडाला त्या राखेत बी पेरलं की रोप तरारून येतं. आपल्याकडे फागुनात अख्खा तालुका धुरात असतो. कुणाला खोकलासुद्धा येत नाही.

राब पेटवायची एक पद्धत आहे. आग वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे वाऱ्याच्या उलट सरकली पाहिजे, म्हणजे ती हळूहळू, धुमसत जाते. आपल्याकडे त्या दिवसांत दुपारचा वारा मावळतीकडून येतो. म्हणून काडी उगवतीच्या कडेला लावतात. जिवलीने आयुष्यभर उगवतीलाच लावली होती. मोंबासातही तिने उगवतीलाच लावली.

मोंबासात त्या दिवसांत वारा उगवतीकडून येतो.

आग धुमसली नाही. ती वाऱ्याच्या पाठीवर बसून धावत सुटली. ढीग एका दमात पेटला, वाळत घातलेली दोन धोतरं गेली, आणि पलीकडच्या साहेबाच्या बंगल्याचं हिरवंगार कुंपण एका बाजूने तपकिरी झालं. लडकू आणि शेडातली माणसं पाण्याची नळी घेऊन आली तेव्हा जिवली हातात हिरवी फांदी घेऊन एकटीच आगीला झोडपत होती. तोंड काळं, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं.

सगळी क्वार्टरं गोळा झाली. गर्दीतून वाट काढत गीताबाई आली. छत्री बंद. लडकूने मान खाली घातली. आता सगळं संपलं. उद्या अख्ख्या मोंबासात बोभाटा होणार.

गीताबाई राखेच्या काठाशी थांबली. तिने एकदा श्वास घेतला. मग पुन्हा घेतला, खोल. मग ओरडली,

"अगो येडे! वाऱ्याच्या पाठीनं काडी लावतात काय? कुनी शिकवलं गो तुला?"

जिवली फांदी खाली टाकून बघत राहिली. कमळाकरही बघत राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने बायकोचा हा आवाज ऐकला नव्हता.

"मी घरच्यावानीच लावली," जिवली म्हणाली.

"घरचा वारा घरी! आन ही माती बघ. वरती ढेकळं टाकलीस. बारीक करून टाकायची नाय? माझ्या आयनं अशा राबावर मला उभी भाजली असती."

"तुमचं म्हायेर कुठलं म्हनायचं?"

गीताबाईने आजूबाजूला पाहिलं. छत्री उघडावी की काय, असं तिला क्षणभर वाटलं असावं. "भिवंडीकडचं," ती म्हणाली. "लग्नापत्तुर रानातच व्हती मी."

तेवढ्यात साहेब आला. कुंपणाकडे पाहून त्याचा चेहरा इंजिनाच्या भट्टीसारखा झाला. आग का लावली, असं त्याने विचारलं. कमळाकराने इंग्रजीत सांगितलं, भात पेरायचं आहे म्हणून. कुठे? कमळाकराने जळून कोळसा झालेली जमीन दाखवली. साहेब जमिनीकडे बघत राहिला, मग कमळाकराकडे, मग आभाळाकडे. पुन्हा धूर दिसला तर क्वार्टर खाली करावं लागेल, असं म्हणून तो निघून गेला.

कमळाकराने ते मराठीत सांगितलं.

"पुन्हा कशाला?" जिवली म्हणाली. "राब वर्साला एकदाच भाजतात. एवढंबी म्हाईत नाय त्यांना?"

संध्याकाळी लडकूने तिच्या हाताला खोबरेल लावलं. दोन बोटं पोळली होती. तो म्हणाला, "आखातीला तर चाललीस. मग हे कशाला केलंस?"

जिवली हाताकडे बघत राहिली. "आयेनं बी दिलंय. ते काय तसंच परत नेऊ?"

म्हणजे जाणार की राहणार? लडकूला काही कळलं नाही. पण एक गोष्ट त्याला कळली. इतके दिवस ती भारे कशासाठी वाहत होती. आणि त्यातला एकही त्याने उचलून दिला नव्हता.

पुढच्या रविवारी लोकांना वाटलं, ही दोघं आता तोंड दाखवणार नाहीत. दोघं आली. जिवलीने नेहमीप्रमाणे मोगो खाल्ला. झुहुराने तिच्या पोळलेल्या बोटांवर फुंकर घातली आणि आपल्या भाषेत बरंच काही सांगितलं. जिवलीने आपल्या भाषेत त्याचं उत्तर दिलं. मग ती झावळ्या वेचायला गेली. आता राबाला नको होत्या, पण रीत ती रीत. मोळी बांधून तिने वर पाहिलं. झुहुराकडे गिऱ्हाइकं होती.

लडकूने कोटाच्या खिशातून हात बाहेर काढले. सगळ्या रस्त्याच्या देखत तो वाकला, मोळीला हात घातला.

"हं," तो म्हणाला.

जिवलीने त्याच्याकडे एकवार पाहिलं. "हं," ती म्हणाली.

मागून गीताबाई येत होती. तिने छत्री उलटी धरली होती आणि मुठीच्या बाकाने माडावरची एक लोंबती झावळी ओढत होती. मोंबासातल्या त्या छत्रीची अशी आकडी झाली.

पाऊस चैत्रातच आला. जिवलीला तो पसंत नव्हता. "ह्यो चुकून आलाय," ती म्हणाली. "ह्याला कुनी तरी सांगा, अजून दोन म्हयने हायेत." पण कुरकुरत का होईना, तिने बी पेरलं. राखेतून रोप वर आलं. हिरवंगार, दाट. साहेबाचं कुंपणही जळल्या बाजूने फुटायला लागलं होतं, पण रोपापुढे ते फिकं दिसायचं.

लावणीला जागा हवी होती. क्वार्टरांच्या मागे यार्डातलं पाणी साचून एक लांबट खलाटी, म्हणजे सखल पाणथळ जागा, झाली होती. तिथे लव्हाळ्याशिवाय काही नव्हतं. लडकू आणि शेडातल्या दोस्तांनी फावड्यांनी ती उकरली. चिखल करायला बैल नव्हते. म्हणून एका रविवारी दीपगृहाची फेरी रद्द झाली आणि सगळी मंडळी खलाटीवर आली. पंजाबी, गोवेकर, गुजराती बायका, सगळ्यांनी पायांनी चिखल तुडवला. कमळाकराने विजार गुडघ्यापर्यंत वळली, आणि पहिल्याच पावलाला तो बसला. गीताबाई इतकी हसली की तिला बांधावर टेकावं लागलं.

"उठा वो," ती म्हणाली, "नायतर तुमालाच लावीन."

झुहुराही आली होती. बहिणीला घेऊन. तिच्या गावाकडे भात व्हायचं, पण ते लोक थेट बी टोकायचे. रोप उपटून पुन्हा लावायचं, हे तिला पटेना. ती हातवारे करून सांगत होती, की उगवलेलं कुणी उपटतं का? जिवली सांगत होती, की उपटल्याशिवाय फुटवा येत नाही. दोघी अर्धा दिवस भांडल्या. एकीचा एक शब्द दुसरीला कळत नव्हता. शेवटी झुहुराने कपाळाला हात लावला, मूठभर रोप घेतलं आणि जिवलीच्या शेजारी वाकली. ओळ सरळ गेली. जिवली तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "ही आपल्यातलीच हाय. नुसती जास्त उन्हात व्हती."

दुपारी सगळ्यांनी बांधावर बसून खाल्लं. मोगो, भाकरी, ठेपले, पराठे, गोवेकरणीने आणलेली सुकी मासळी. एरवी एकमेकांना नुसता नमस्कार करणारी माणसं एकमेकांच्या ताटात हात घालत होती. गीताबाईने जिवलीला आपल्या हाताने लोणचं वाढलं. "घे," ती म्हणाली, "बरं का."

लडकूने ऐकलं. पण आता त्याला त्याचं फार वाटलं नाही. चार दिवसांवर आखाती होती.

आखाती आली आणि गेली. कमळाकराने बोटीत जागा सांगून ठेवली होती. शब्द दिला होता, म्हणून लडकूनेच सांगायला लावली होती. बोटीला दोन दिवस राहिले. लडकू शेडातून घरी आला, तर पडवीत पत्र्याची पेटी उघडी. आतलं सगळं बाहेर काढून जिवली ती उन्हात वाळवत होती.

तो उंबऱ्यावर बसला. पायातले बूट काढायचेही त्याला सुचेना.

"बोट परवा आहे," तो म्हणाला.

"म्हाईत हाय."

"पेटी भरायला घेतलीस."

"भरायला नाय. पुसायला. उंदीर लय हायेत तुमच्या मोंबासात. भात आलं की ठेवायचं कुठं? मडक्यात?"

लडकू वळला. "म्हणजे तू..."

"काय म्हंजे? लावणी झालीय ना? उभं भात टाकून कोन जातं वो? पाखरं कोन हाकनार? तुमी? तुमी इंजिनं हाका."

त्याने उघड्या पेटीत डोकावून पाहिलं. मग जपून विचारलं, "आणि कापणी झाल्यावर?"

"कापल्यावर झोडायचं नाय? कांडायचं नाय?" जिवलीने पेटी उलटी करून तळावर चापट मारली. "बी राखायचं नाय? आन बी राखलं की आला राब. पुढल्या खेपेला मावळतीकडून काडी लावीन. त्या सायबाला सांगून ठेवा."

लडकूने बूट काढले आणि पुन्हा घातले. कमळाकराला जागा सोडायला सांगायचं होतं.

ती बोट रविवारीच सुटली. नेहमीची मंडळी दीपगृहाकडे होती. बंदरातून भोंगा ऐकू आला आणि बोट समोर आली, इतकी जवळ की डेकवरची माणसं ओळखू यावीत. लोकांनी रुमाल हलवले. जिवली कठड्याशी उभी होती. लडकू तिच्या शेजारी. तो बोटीकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता.

"हीच काय ती?" तिने विचारलं.

"हीच."

जिवलीने बोट पार नाहीशी होईपर्यंत पाहिली. "लय डुलते," ती म्हणाली.

अंधार पडायच्या आत सगळे परत निघाले. झुहुरा सवयीने निखाऱ्यापासून उठली, मोळी चढवायला. जिवलीने तिला दोन्ही हात उघडून दाखवले. हात मोकळे होते. झुहुरा चमकली.

लडकूही चमकला. त्याने कोटाच्या बाह्या अगोदरच वर केल्या होत्या. "भारा कुठाय?"

"आज नाय," जिवली म्हणाली. "आज नुसतं फिरायला आलो ना?"

त्यानंतर मोंबासात नऊ पिकं आली. मध्ये लढाई झाली, समुद्र बंद झाला, सुट्या गेल्या. सेहेचाळीस साली दोघं परत आली. आटगावला उतरून वाडीपर्यंत चालत गेली. धोंडीबाई आता वाकली होती, पण दारातच बसली होती, आणि तिची नजर पहिल्यांदा सुनेच्या चेहऱ्यावर गेली नाही, हातांवर गेली.

जिवलीने तोच धडपा पुढे केला. आत भात होतं. सासूनेच दिलेल्या बियाचं, समुद्रापलीकडचं. म्हातारीने एक दाणा सोलून उरल्यासुरल्या दातांखाली धरला.

"आपलाच हाय," ती म्हणाली. "जरासा खारट झालाय."

पहिल्या रविवारी संध्याकाळी लडकूने कोट घातला आणि जिवलीने ठेवणीतलं लुगडं. दोघं वाडीबाहेरच्या टेकाडापर्यंत गेली. तिथून रूळ दिसतो. गाडी जाताना पाहिली आणि दोघं परत आली. सगळी वाडी दारात उभी होती. काय हरवलं, असं एकाने विचारलं. शेळी का, असं दुसऱ्याने.

धोंडीबाईने सुनेचे हात पाहिले. "हात गहाण टाकून आलीस काय गो?"

"फिरायला गेलतो, आये."

"काय आणायला?"

"काय नाय."

म्हातारी विचारात पडली. आठवडाभर ती विचारातच होती. पुढच्या रविवारी लडकू नि जिवली निघाली, तेव्हा ती काठी टेकत मागून आली. टेकाडावर बसली. गाडी आली, गेली. शेवटचा डबा वळणाआड होईपर्यंत ती बघत राहिली. 

येताना मात्र तिच्या काखेत चार काटक्या होत्या.

"आये!" जिवली म्हणाली.

"तू फीर गो रिकामी," धोंडीबाई म्हणाली. "चूल कुनी तरी पेटवायला नको?"